आभासी वॉर्डातलं बाळ

बालरोग वॉर्डात एखादं मूल अचानक खालावलं, की सगळ्यांत आधी बाजूला व्हायला सांगितलं जातं ते नर्सिंगच्या विद्यार्थिनीला. त्यात कुणाचा आकस नसतो. खाटेभोवती जागा अपुरी, वेळ त्याहून अपुरा, आणि आठ महिन्यांच्या बाळाची शीर शोधणं हे शिकाऊ हाताचं काम नाही. विद्यार्थिनी पडद्यापलीकडे उभी राहते, कुणी मागितली तर सलाइनची बाटली आणून देते. पोस्टिंग संपतं, केस स्टडी लिहून होते, परीक्षाही होते. वर्षा-दोन वर्षांनी तीच मुलगी ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला असते, डॉक्टर क्वार्टरवर असतात, आणि एक आई बाळाला कवटाळून दारात येते. डॉक्टर पोचेपर्यंत त्या बाळाची सारी भिस्त या मुलीवर असते.

जे शिकताना कधी करू दिलं नाही, ते नोकरीत पहिल्याच फटक्यात नीट यावं, ही अपेक्षा आपण वर्षानुवर्षं ठेवत आलो आहोत. त्यावर गेल्या दहाएक वर्षांत जगभर पुढे आलेला एक उपाय म्हणजे आभासी वास्तव, रोजच्या बोलण्यात व्हीआर. डोळ्यांवर हेडसेट चढवायचा, हातांत दोन कंट्रोलर घ्यायचे आणि संगणकाने उभ्या केलेल्या वॉर्डात एका आजारी मुलाची जबाबदारी घ्यायची. चुकलं तर मूल दगावत नाही, प्रसंग पुन्हा सुरू करता येतो. विक्रेते याला क्रांती म्हणतात, तर कुणी खेळणं म्हणून झटकून टाकतं. आजवर जमलेला पुरावा पाहिला तर दोन्ही मतं घाईची वाटतात. माझं मत असं झालं आहे, की व्हीआर मुलाकडे बघायला शिकवतं, निर्णयांचा क्रम अंगवळणी पाडतं, पण हात शिकवत नाही. आणि कोणतं मूल दाखवायचं हे आपण स्वतः ठरवलं नाही, तर बघायला शिकवण्याचा तो गुणही आपल्या वॉर्डांत वाया जाईल.

मुलांच्या बाबतीत हे ‘बघणं’ इतकं महत्त्वाचं का, ते आधी सांगायला हवं. मोठ्या माणसाचं हृदय बरेचदा हृदयाच्याच दुखण्याने बंद पडतं. मुलांचं तसं नसतं. आधी श्वास थकतो किंवा रक्ताभिसरण कोलमडतं, प्राणवायू कमी पडत जातो, नाडी मंदावते आणि शेवटी हृदय थांबतं. म्हणजे थांबण्याआधी इशारे मिळत असतात, आणि ते वेळेवर ओळखले तर पुष्कळदा पुढचा प्रसंगच टळतो. एकदा हृदय थांबल्यावर मात्र मूल धडधाकट घरी जाण्याची आशा फार कमी उरते. हे इशारे मॉनिटरवर आधी दिसत नाहीत. मुलाचं शरीर रक्तदाब शेवटपर्यंत सांभाळून धरतं. तो पडलेला दिसला म्हणजे आपल्याला उशीर झालेला असतो. म्हणून बालरोगातली पहिली तपासणी दारातूनच, हात न लावता करायची असते. मूल कसं दिसतंय, श्वासाला किती कष्ट पडताहेत, त्वचेचा रंग कसा आहे. पीडियाट्रिक असेसमेंट ट्रँगल या नावाने हे तीन कोन शिकवले जातात आणि अर्ध्या मिनिटात ते पाहून व्हावेत अशी अपेक्षा असते.

पुस्तकात हे तीन ओळींत उरकतं. पण रडणारं मूल आणि रडायचं थांबलेलं मूल यांतलं दुसरं जास्त धोक्यात असू शकतं, हे ओळींतून डोळ्यांत उतरत नाही. वॉर्डात निवांत पडलेलं, कुणाच्या लक्षात न येणारं मूल हेच त्या पाळीतलं सर्वांत गंभीर मूल असू शकतं. असं मूल विद्यार्थिनीच्या काही आठवड्यांच्या पोस्टिंगमध्ये येईलच याची खात्री नसते. आलं तरी वर सांगितल्याप्रमाणे तिला बाजूला केलं जातं.

रुग्णाऐवजी दुसऱ्या कशावर तरी सराव करायचा, ही कल्पना नर्सिंगमध्ये फार जुनी आहे. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात हार्टफर्ड हॉस्पिटलच्या नर्सिंग शाळेने १९११ साली माणसाएवढी बाहुली वापरायला सुरुवात केली. मार्था जेंकिन्स चेस या बाहुल्या बनवणाऱ्या बाईंनी ती घडवली म्हणून तिचं नाव ‘मिसेस चेस’ पडलं. १९६० साली नॉर्वेतल्या ओस्मुंड लार्डाल या खेळणी बनवणाऱ्या उद्योजकाने तोंडाने श्वास देण्याच्या सरावासाठी ‘रिससी अ‍ॅन’ हा पुतळा केला, आणि पुढे छाती दाबण्याचा सरावही त्याच्यावर होऊ लागला. नंतर श्वास घेणारे, नाडी लागणारे, संगणकावर चालणारे पुतळे आले, त्यांत तान्ह्या बाळांचेही आले. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या नर्सिंग कौन्सिलांच्या राष्ट्रीय मंडळाने दहा नर्सिंग अभ्यासक्रमांवर केलेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रत्यक्ष वॉर्डातल्या तासांपैकी निम्म्यापर्यंत तास चांगल्या सिम्युलेशनने भरून काढले तरी विद्यार्थ्यांच्या ज्ञानात, कौशल्यात किंवा परवाना परीक्षेच्या निकालात लक्षणीय फरक पडला नाही, असं त्यातून दिसलं. यातला ‘चांगल्या’ हा शब्द सोडून देऊन हा अभ्यास अनेकदा सांगितला जातो. तिथे प्रशिक्षित शिक्षक होते, पुरेसं साहित्य होतं आणि प्रत्येक प्रसंगानंतर रीतसर चर्चा होत होती.

मग पुतळे असताना व्हीआर कशाला? याचं सर्वांत पटणारं उत्तर मला सिनसिनाटीच्या बालरुग्णालयातल्या कामात सापडलं. तिथल्या डॉक्टरांचं म्हणणं साधं होतं. महागड्या पुतळ्याची छाती वरखाली होते, ओठांभोवती निळा दिवा लागतो, पण त्याच्या डोळ्यांत थकवा येत नाही. तो आईकडे बघणं थांबवत नाही, कारण तो कधी बघतच नव्हता. श्वास थकत चाललेल्या तान्ह्या बाळाचं भान कसं हरपत जातं, हे प्लास्टिकवर दाखवता येत नाही. म्हणून त्यांनी व्हीआरमध्ये एक बाळ तयार केलं आणि ते वेगवेगळ्या अवस्थांत दाखवलं.

हेडसेटमध्ये विद्यार्थिनीला काय दिसतं ते जरा जवळून पाहू. पहिल्या अवस्थेतलं बाळ हातपाय हलवतंय, जवळ गेलं की नजर वळवतंय. दुसऱ्यातलं किरकिरतंय, बरगड्यांमधली कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जातेय, नाकपुड्या फुलताहेत, श्वासाचा वेग वाढलेला. तिसऱ्या अवस्थेत छाती आधीइतकी ओढली जात नाही, श्वास मंद झालेत, किरकिर थांबली आहे. नवखी मुलगी इथे हायसं वाटून घेते, बाळ शांत झालं म्हणते. प्रत्यक्षात बाळ दमलंय, आता काही मिनिटांत श्वास थांबेल. दुसऱ्या आणि तिसऱ्या अवस्थेतला हा फरक पाठ करून कळत नाही. दोन्ही बाळं पाठोपाठ पाहिली, पहिल्यांदा फसलो आणि ‘तू आत्ता कुणाला बोलावणार होतीस?’ या प्रश्नाला उत्तर देता आलं नाही, म्हणजे तो फरक मनात राहतो.

या कामाची यादृच्छिक चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. बालरोग विभागात शिकणाऱ्या दीडशेहून अधिक विद्यार्थ्यांना नेहमीचं शिक्षण आणि पुतळ्यावरचा सराव मिळाला, काहींना त्यावर अर्ध्या तासाचं व्हीआर सत्र मिळालं. नंतर सगळ्यांना बाळांचे व्हिडिओ दाखवून विचारलं. व्हीआर मिळालेल्यांनी श्वासाची अवस्था आणि बाळाचं भान जास्त अचूक ओळखलं, आणि वरच्यांना बोलवायला हवं हेही जास्त जणांनी सांगितलं. अर्धा तास हा फार थोडा वेळ आहे, त्या मानाने हा फरक मोलाचा. पण दोन गोष्टी विसरू नयेत. हे विद्यार्थी वैद्यकीय शाखेचे होते, नर्सिंगचे नव्हते. आणि त्यांची परीक्षा व्हिडिओवर झाली, खाटेशेजारी नाही.

लॉस एंजेलिसच्या बालरुग्णालयाने दुसरी वाट धरली. तिथल्या डॉक्टरांनी ऑक्युलस कंपनीच्या मदतीने न थांबणारी आकडी आणि तीव्र अ‍ॅलर्जीचा झटका असे प्रसंग उभे केले. त्यांत भोवती गोंधळ असतो, घाबरलेले आईवडील असतात, सहकारी औषध काय द्यायचं म्हणून विचारत असतात आणि घड्याळ पुढे सरकत असतं. भर आहे तो ताणाखाली क्रम न चुकण्यावर: वायुमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, साखर तपासणं, पहिलं औषध, पाच मिनिटांनी दुसरं. आकडी आलेल्या मुलाची रक्तातली साखर बघायची राहून जाणं ही वॉर्डातली नेहमीची चूक. हेडसेटमध्ये ती चूक तीनदा केली की चौथ्यांदा हात आपोआप ग्लुकोमीटरकडे जातो.

थेट नर्सिंगच्या विद्यार्थ्यांवरचं काम दक्षिण कोरियात बरंच झालं आहे. तिथल्या एका अभ्यासात ८३ विद्यार्थ्यांचे तीन गट केले: नवजात बाळाला पुनरुज्जीवन देण्याचं शिक्षण एकाला व्हीआर खेळातून, दुसऱ्याला पुतळ्यावर, तिसऱ्याला नेहमीच्या पद्धतीने. ज्ञानाच्या चाचणीत व्हीआर गट नेहमीच्या पद्धतीच्या गटापेक्षा पुढे राहिला, त्यांचा आत्मविश्वास आणि शिकण्याची ओढही वाढलेली दिसली. यातल्या आत्मविश्वासाचं मला कौतुक आहे आणि थोडी धास्तीही. आत्मविश्वास वाढला आणि हात तेवढे तयार झाले नाहीत, तर ती विद्यार्थिनी मदत मागायला उशीर करेल. हा धोका कोणत्याही सिम्युलेशनमध्ये असतो, पण जिथे सगळं बटणाने होतं तिथे जास्त.

सुटे अभ्यास बाजूला ठेवून एकत्रित आढावे पाहिले तर चित्र आणखी स्पष्ट होतं. २०२० मध्ये नर्सिंग शिक्षणातल्या व्हीआरवर प्रसिद्ध झालेल्या एका मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये १२ अभ्यास आणि ८२१ सहभागी होते. ज्ञान वाढतं, हे त्यात ठळक आलं. कौशल्य, समाधान, आत्मविश्वास आणि काम पूर्ण करायला लागणारा वेळ यांत मात्र इतर पद्धतींपेक्षा सिद्ध होण्याजोगा फरक नव्हता. त्याआधी, २०१९ मध्ये, सर्व आरोग्य शाखांतले ३१ अभ्यास एकत्र केलेला आढावा कौशल्याबाबत जास्त आशावादी होता. ही तफावत समजण्यासारखी आहे. एका अभ्यासातलं व्हीआर म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचा त्रिमितीय खेळ, दुसऱ्यातलं म्हणजे डोक्यावरचा हेडसेट, तिसऱ्यात हाताला दाब जाणवणारं उपकरण. सगळ्यांना एकच नाव दिलं आणि सरासरी काढली तर हाती फार लागत नाही.

प्रशिक्षणाचं फळ मोजण्यासाठी डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ पासून मांडलेल्या चार पायऱ्या आजही वापरतात: शिकणाऱ्याला आवडलं का, तो शिकला का, कामावर वागणं बदललं का, आणि शेवटी परिणाम सुधारला का, म्हणजे इथे मूल वाचलं का. बाल-आणीबाणीतल्या व्हीआरचा बहुतेक सगळा पुरावा पहिल्या दोन पायऱ्यांवर आहे. तिसरीवर तुरळक, चौथीवर जवळपास नाही. हे व्हीआरचंच दुर्दैव नाही, सिम्युलेशनच्या सगळ्याच प्रकारांना चौथी पायरी गाठणं अवघड जातं. पण कॉलेजने लाखो रुपये खर्चताना ही पायरी रिकामी आहे हे जाणून खर्चावेत.

आपल्यासारख्या देशांसाठी सर्वांत बोलका अभ्यास मला वाटतो तो नायजेरियातल्या लागोस आणि पश्चिम केनियातल्या बुसियाचा. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गटाने ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ हा नवजात बाळांना पहिला श्वास देण्याचा प्रसिद्ध कार्यक्रम मोबाइल फोनवरच्या स्वस्त व्हीआरमध्ये आणला. नर्स आणि सुईणींना आधी हाताने, पुतळ्यावर शिकवलं. मग एका गटाला उजळणीसाठी व्हीआर, दुसऱ्याला व्हिडिओ, तिसऱ्याला फक्त छापील साहित्य दिलं. सहा महिन्यांनी तिन्ही गटांची कामगिरी साधारण सारखीच होती. आणि फुगा-मास्कने श्वास देण्याचं हाताचं कौशल्य तिन्ही गटांत घसरलं होतं.

हा निकाल निराशाजनक म्हणून वाचता येतो. मी तो तसा वाचत नाही. मास्क बाळाच्या तोंडावर घट्ट बसवणं, हनुवटी किती उचलायची, फुगा किती दाबायचा, छाती उचलली की लगेच थांबायचं, ही सगळी बोटांची शिकवण आहे. प्लास्टिकच्या कंट्रोलरवर ती येणार नाही आणि टिकणारही नाही. तिथे पाणी भरून वापरता येणारा साधा, स्वस्त नवजात पुतळा व्हीआरपेक्षा सरस आहे, आणि महिन्या-दोन महिन्यांनी त्याच्यावर पाच मिनिटं सराव करणं हेडसेटच्या तासाभरापेक्षा मोलाचं.

हाताचा प्रश्न आपल्याकडे आणखी बिकट का आहे, ते एका औषधावरून सांगतो. मुलाचं हृदय थांबलं की शिरेतून अ‍ॅड्रेनलिन द्यायचं, दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम. अमेरिकेतल्या रुग्णालयात ते योग्य तीव्रतेचं, आधीच भरलेल्या सिरिंजमध्ये मिळतं. आपल्या क्रॅश कार्टमध्ये एक मिलीचं छोटं अँप्यूल असतं, त्यात एक मिलिग्रॅम, म्हणजे दहापट तीव्र. ते फोडायचं, दहा मिलीच्या सिरिंजमध्ये ओढायचं, त्यात नऊ मिली सलाइन घ्यायचं, आणि त्या पातळ केलेल्या द्रावणातलं दर किलोला ०.१ मिली द्यायचं. आठ किलोच्या बाळाला ०.८ मिली. पातळ करायचं राहिलं आणि तेच ०.८ मिली दिलं, तर बाळाला दहापट डोस गेला. काच फुटताना बोट कापतं, लेबल लावायचं राहतं, कुणीतरी ओरडत असतं, आणि चूक नेमकी इथे होते. परदेशातून आणलेल्या प्रसंगात ‘अ‍ॅड्रेनलिन’ या पर्यायावर बोट ठेवलं की औषध गेलेलं असतं. म्हणजे आपल्या वॉर्डातली सर्वांत धोक्याची पायरी त्या प्रशिक्षणातून गळलेलीच असते. ती वगळून मिळालेले पूर्ण गुण विद्यार्थिनीची फसवणूक करतात.

यावर उपाय अवघड नाही. निर्णय हेडसेटमध्ये, औषध टेबलावर. विद्यार्थिनीने आत ‘अ‍ॅड्रेनलिन’ म्हटलं की प्रसंग थांबवायचा, तिने हेडसेट काढून समोरच्या ट्रेमधलं खरं, मुदत संपलेलं अँप्यूल फोडून खरा डोस भरायचा, सोबतिणीने तो मोठ्याने वाचून तपासायचा, मग पुन्हा आत जायचं. माझ्या मते नर्सिंग कॉलेजांसाठी हाच मिश्र प्रकार सर्वांत योग्य.

प्रसंग कोणाचे, हा याहून मोठा प्रश्न. बाजारात मिळणारे प्रसंगसंच मुख्यतः अमेरिका-ब्रिटनच्या आणीबाणी कक्षांतले असतात: दमा, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, ब्राँकिओलायटिस, आकडी, सेप्सिस. हे आजार आपल्याकडेही आहेत, सगळं टाकून द्यावं असं नाही. पण उपचाराचा कल तिथला असतो. थंडगार हातपाय आणि वेगवान नाडी दिसली की शॉक समजून भराभर सलाइन सोडायचं, हा धडा तिथल्या सुसज्ज आयसीयूत चालून जातो. २०११ मध्ये केनिया, युगांडा आणि टांझानियातल्या ३,१४१ तापाने गंभीर झालेल्या मुलांवरच्या फीस्ट चाचणीत असं भराभर द्रव दिलेल्या मुलांमध्ये दोन दिवसांतले मृत्यू सुमारे साडेदहा टक्के झाले, न दिलेल्यांमध्ये ७.३ टक्के. चाचणी मधेच थांबवावी लागली. रक्त कमी असलेल्या, व्हेंटिलेटर हाताशी नसलेल्या मुलांसाठी पाठ्यपुस्तकातला धडा जसाच्या तसा लागू पडत नाही, हे त्यातून जगाला कळलं. मेळघाटातल्या किंवा नंदुरबारच्या मुलाला कुणाचा धडा लागू पडेल?

आणि विंचवाचं काय? कोकणातला लाल विंचू चावलेलं मूल घामाने निथळतं, उलट्या करतं, हातपाय बर्फासारखे गार पडतात, नाडी धावत असते. वरून पाहता हाही शॉकच वाटतो. भराभर सलाइन सोडलं तर फुप्फुसात पाणी साठून तोंडाला गुलाबी फेस येऊ शकतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी याच मुलांना प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी देऊन जीव वाचवता येतात हे दाखवलं, आणि २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांची नियंत्रित चाचणीही आली. विंचू चावलेलं मूल आणि अतिसाराने सुकलेलं मूल शेजारी शेजारी ठेवून फरक ओळखायला लावणं, हा महाराष्ट्रातल्या नर्ससाठी व्हीआरचा पहिला धडा असायला हवा. दुसरा धडा मण्यारीचा. रात्री जमिनीवर झोपलेल्या मुलाला मण्यार चावते, दुखत नाही, खूण दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं म्हणून आणतात. पापण्या जड होतात, आवाज बदलतो, गिळता येत नाही, आणि श्वास हळूहळू उथळ होत जातो. छाती आत ओढली जात नाही, कारण ओढायला स्नायूंत जोरच नसतो. श्वासाचं संकट म्हणजे धाप, असं शिकलेल्या डोळ्याला हे मूल ‘झोपाळलेलं’ दिसतं. पडणाऱ्या पापण्या पुतळा दाखवू शकत नाही, व्हीआर दाखवू शकतं. या तंत्राचं खरं बळ इथे आहे आणि विकत घेतलेल्या संचांत नेमका हा प्रसंग मला आढळला नाही.

वजनाचा मुद्दाही असाच. मुलाच्या उंचीवरून वजन आणि डोस सांगणारी ब्रोसलो पट्टी अमेरिकी मुलांच्या मापांवर बेतली आहे. भारतीय मुलांवरच्या अभ्यासांत ती, विशेषतः दहा किलोंवरच्या मुलांत, वजन जास्त दाखवते असं आढळलं. हेडसेटमधल्या गुटगुटीत मुलाचा अंदाज डोळ्यांत बसलेली विद्यार्थिनी वॉर्डातल्या मुलाला जास्त डोस देईल. मार्गदर्शक सूचनाही बदलत राहतात. तान्ह्या बाळाची छाती दोन बोटांनी दाबायची ही पद्धत अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२५ च्या सूचनांत काढून टाकली. आता दोन्ही हातांनी छाती वेढून दोन अंगठ्यांनी किंवा एका तळहाताच्या मुळाने दाबायचं आहे. ज्या कंपनीकडून आपण परवाना घेतो ती असा बदल किती दिवसांत करून देईल, हे करारात लिहून घ्यायला हवं.

भाषेबद्दलही थोडं. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी वॉर्डातली आई ‘डिक्रीज्ड फीडिंग’ म्हणत नाही. ती म्हणते, बाळ अंगावर घेत नाही, डोळे फिरवले, पोट उडतंय, अंग टाकून दिलंय. पहिला इशारा या शब्दांत येतो. मेळघाटात तो कोरकूत येईल, गडचिरोलीत गोंडी किंवा माडियात. आभासी आईने विद्यार्थिनीशी अशाच भाषेत बोललं पाहिजे, आणि तिचं बोलणं अर्ध्यावर तोडलं तर पुढची माहिती मिळू नये, असा प्रसंग लिहिला पाहिजे. आवाज रेकॉर्ड करायला फार खर्च लागत नाही.

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या २०२१ च्या बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमाने सेमिस्टर पद्धत आणली, सिम्युलेशनला अधिकृत स्थान दिलं आणि बालआरोग्य विषयात नवजात बाळाची काळजी, नवजात व बालआजारांचं एकात्मिक व्यवस्थापन (आयएमएनसीआय) आणि मुलांचं पुनरुज्जीवन यांचे भाग घातले. गुरुग्राममधल्या एसजीटी विद्यापीठात राष्ट्रीय संदर्भ सिम्युलेशन केंद्र आहे, तिथे अध्यापिकांना प्रशिक्षण मिळतं. म्हणजे कागदावर दार उघडं आहे. अडचण आहे ती कॉलेजमध्ये. साठ जणींच्या वर्गाला चार-पाच हेडसेट, चार्जिंग, वाय-फाय, दर वापरानंतर पुसून निर्जंतुक करणं. नर्सच्या घट्ट अंबाड्यावर हेडसेटचा पट्टा बसत नाही, चष्मा आत दाटतो, काहींना दहा मिनिटांत मळमळतं. असल्या बारीक गोष्टींवरून उपकरणं कपाटात जाऊन पडतात. गेल्या काही वर्षांत संगणकाची तार न लागणारे तुलनेने स्वस्त हेडसेट आल्यामुळे यंत्राचा खर्च आवाक्यात येऊ लागला, सॉफ्टवेअरचा वार्षिक परवाना मात्र डॉलरमध्येच राहिला.

एक हेडसेट असला तरी वर्ग चालतो, असं माझं मत आहे. एक जण आत, तिला दिसणारं दृश्य भिंतीवर, बाकीच्या बघताहेत. शिकणं खरं सुरू होतं ते ती बाहेर आल्यावर. बॉस्टनच्या सेंटर फॉर मेडिकल सिम्युलेशनने चर्चेची जी रीत रुजवली तिचा गाभा असा: शिक्षकाने काय पाहिलं ते सांगायचं, स्वतःला काय वाटलं ते सांगायचं, आणि मग मनापासून विचारायचं. ‘तू बराच वेळ मॉनिटरकडे बघत होतीस. मला वाटलं, बाळाकडे बघायचं राहतंय. तेव्हा तुझ्या मनात काय चाललं होतं?’ विद्यार्थिनी थोडं थांबून सांगते, ‘मॅडम, सॅच्युरेशन ९२ होतं, म्हणून मला वाटलं बाळ ठीक आहे.’ ऑक्सिजन लावल्यावर आकडा चांगला दिसतो आणि तरी बाळ दमत असू शकतं, हा धडा या उत्तरातून सगळ्या वर्गाला मिळतो. ‘एवढंही कळत नाही का?’ असं विचारलं असतं तर हे उत्तर कधीच बाहेर आलं नसतं. आपल्या नर्सिंग शाळांत दुसऱ्या प्रकारचा प्रश्न फार काळ चालत आला. व्हीआरच्या आधी अध्यापिकांना हे विचारणं शिकवायला हवं, आणि त्यासाठी दिलेला वेळ वेळापत्रकात दिसायला हवा.

या चर्चेत आणखी एक सराव करून घेता येतो: बोलण्याचा. ‘सर, वजन आठ किलो, पातळ केलेलं अ‍ॅड्रेनलिन ०.८ मिली, बरोबर?’ एवढं वाक्य ज्येष्ठ डॉक्टरांसमोर मोठ्याने म्हणायला धीर लागतो. आदेश परत वाचून दाखवणं, डोस खटकला तर थांबवणं, ‘बाळ बरं दिसत नाही, तुम्ही आत्ता या’ असं फोनवर ठामपणे सांगणं, हे सगळं पूर्णपणे आभासी प्रसंगात बसतं. त्याला बोटांचं कसब लागत नाही आणि मुलाच्या जिवावर त्याचा परिणाम होतो.

मग आपल्याकडे सुरुवात कशाने करावी? मी हेडसेटच्या निविदेने करणार नाही. केंद्र सरकारच्या बालमृत्यू अन्वेषणाच्या मार्गदर्शक सूचना २०१४ पासून आहेत. त्यांप्रमाणे मूल कुठे, कसं आणि कोणत्या उशिरामुळे गेलं याची नोंद जिल्हा पातळीवर व्हायची असते. त्या नोंदींत आपले प्रसंग आधीच लिहिलेले आहेत: कुठे साखर तपासली गेली नाही, कुठे दमलेलं बाळ ‘झोपलंय’ म्हणून तसंच ठेवलं, कुठे १०८ येईपर्यंत फुगा दाबणारं कुणी नव्हतं. नाव-गाव काढून, आईवडिलांची ओळख पूर्ण झाकून, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने बालरोगतज्ज्ञ, वॉर्डातल्या इनचार्ज सिस्टर आणि नर्सिंग अध्यापिका यांना एका टेबलावर बसवलं, तर वर्षभरात दहा-बारा प्रसंग कागदावर तयार होतील. ते आधी साध्या पुतळ्यावर आणि भूमिका पाठ केलेल्या ‘आई’सोबत चालवून पाहावेत. ज्या प्रसंगांत पुतळा कमी पडेल, म्हणजे नजर, पापण्या, भान, त्वचेचा रंग, तेवढेच व्हीआरमध्ये करून घ्यावेत, आणि ते सगळ्या सरकारी नर्सिंग कॉलेजांना विनामूल्य द्यावेत. त्यांतून शिकलेल्या नर्स वॉर्डात लवकर बोलावतात का, हे त्याच अन्वेषणाच्या नोंदींतून दोन-तीन वर्षांनी तपासता येईल.